मुलांना इकडे आणायचं नाही

शेंडी, भंडारदरा
९ मे

सौ. बनूस,

आम्ही तिघे काल दिवस मावळायच्या आत पोचलो. ज्ञानेश्वररावांनी ठरल्याप्रमाणे संगमनेरच्या स्टँडवर मुलांना माझ्या ताब्यात दिलं आणि ते तिथूनच चाकणला परत गेले. जावयांना कंपनीत रजा नाही. राजूरच्या पुढे वळणं लागली तशी ओमला उलटी झाली. स्नेहलने खिडकी दिली नाही म्हणून झाली, असं त्याचं म्हणणं.

खोली बरी आहे. जयाबाई म्हणून एक बाई पुढच्या बाजूला राहतात, मागची खोली पाहुण्यांना देतात. जेवण त्यांच्याकडेच. खोलीत रेंज नाही, धरणाच्या भिंतीकडे चालत गेलं की येते. म्हणून आपलं ठरलं तसं कागदावर लिहितो आहे. स्नेहल फोटो काढून रुपालीच्या मोबाईलवर पाठवील. तूही तसंच कर. फोनवर तुला बोलता येत नाही आणि मला ऐकू येत नाही. मध्ये रुपाली बिचारी ओरडून ओरडून दमते.

पाणी बरंच खाली गेलं आहे. मुलं काठावरच्या चिखलात खेळली. मी दगडावर बसून होतो. त्यांच्यामागे धावणं आता होत नाही.

स्नेहलने दोनदा विचारलं की यंदा सुट्टीत राहुरी का नाही. तू सांगितलं होतंस तेच मी सांगितलं, डॉक्टरांनी भेटायला मनाई केली आहे म्हणून. ती म्हणाली, "मग आई कशी राहते तिथे?" मी चहा सांगायला उठून गेलो.

मला इकडे यायचं नव्हतं हे तुला माहीत आहे. पुन्हा लिहीत नाही.

नळीतून पेज नीट जाते का? रुपालीला दुपारी जरा पडू दे.

पुंजाराम


राहुरी
११ मे

स्नेहलच्या आजोबांना नमस्कार.

पत्र मिळालं. पेज जाते. काल नाकातली नळी तुंबली होती, रुपालीने कोमट पाणी घालून मोकळी केली. तिचे हात आता नर्ससारखे चालतात. गळ्याच्या नळीची मात्र तिला अजून भीती वाटते. डोळे बारीक करून पुसते. मी बघते आणि बघितलं नाही असं करते.

तुम्हाला यायचं नव्हतं हे दर पत्रात "पुन्हा लिहीत नाही" म्हणून लिहू नका. तुम्ही इथे असता तर दिवसभर पलंगाच्या पायथ्याशी बसून माझ्याकडे बघत राहिला असता. मला ते सोसत नाही. पोरांना सुट्टी आहे, त्यांनी का म्हणून चार भिंतींत बसावं?

एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. २१ तारखेला संगमनेरला ज्ञानेश्वररावांच्या हाती पोरं द्यायची. तिथून त्यांनी पुण्याला घरी जायचं. मुलांना इकडे आणायचं नाही. स्नेहल रडली तरी नाही. रुपाली रोज विषय काढते, तिलाही मी पाटीवर लिहून दाखवलं आहे.

एप्रिलमध्ये व्हिडिओवर ओमने मला बघितलं तेव्हा तुम्ही बाहेर औषधं आणायला गेला होता. त्याचं तोंड तुम्ही पाहिलं नाही, मी पाहिलं. मोबाईल तसाच टाकून पळाला. मला छताचा पंखा दिसत राहिला बराच वेळ. त्याने कुत्र्याला भ्यावं, विंचवाला भ्यावं, मला भिऊ नये. त्याच्या डोक्यात जी आजी आहे ती तशीच राहू दे.

स्नेहलची वेणी सैल घाला. तुम्ही पोतं शिवल्यासारखी घट्ट घालता.

बनू


शेंडी
१४ मे

सौ. बनूस,

ओमच्या डोक्यात उन्हाने फोड आले. दोन पिकले होते. जयाबाई म्हणाल्या, केस काढल्याशिवाय औषध लागायचं नाही. म्हणून काल राजूरला नेलं. न्हाव्याने मशीन हातात घेतलं आणि ओमने खुर्चीचा दांडा धरून असा गोंधळ घातला की बाहेरची माणसं डोकावली. शाळेत टकल्या म्हणतील, हे त्याचं दुखणं. न्हावी म्हणाला, "बाबा, आधी तुमी बसा, मग बसंल गडी."

मी बसलो. आहेत किती केस तसेही. डोकं झालं तरी ओम हलेना. म्हणाला, "मिशी पण!" न्हावी माझ्याकडे बघून हसला. काढली. मग मात्र ओम मुकाट्याने बसला. आता आम्ही दोघे एकसारखे दिसतो. लग्नानंतर तू मला बिनमिशीचा कधी पाहिलेलं नाहीस. हसू नकोस, गळ्याला ताण बसेल.

दुकानातून बाहेर पडलो तर रस्त्याने सोनईचा हनुमंत टेम्पो घेऊन चालला होता. तुझ्या माहेरच्या घराशेजारचा. इकडे आंबे भरायला आला असावा. त्याने हात केला, काहीतरी ओरडला. मला ऐकू आलं नाही. ऊन फार होतं, मी दमलो होतो, नुसते हात जोडले आणि मान खाली घातली. टेम्पो थांबला नाही.

मुलं दिवसभर पाण्यात जाऊ म्हणतात. मी नाही म्हणतो. संध्याकाळपर्यंत नाही म्हणून म्हणून दमतो. तू हे सगळं दर उन्हाळ्यात कसं करत होतीस, मी कधी लक्ष दिलं नव्हतं.

कालपासून रुपालीचा निरोप नाही. तुझी तब्येत कशी आहे ते एका ओळीत का होईना, कळव.

पुंजाराम


राहुरी
१६ मे

स्नेहलच्या आजोबांना नमस्कार.

तुमची मिशी गेली ती गेली, तिने इथे काय करून ठेवलं ते वाचा.

काल सकाळी रुपाली मेडिकलमध्ये गेली होती. मी पडून होते. गल्लीच्या तोंडाशी बाईचं रडणं ऐकू आलं. मला वाटलं, कुणाकडे काय झालं? रडणं जवळ आलं. "अगं माझ्या अक्के, माझ्याशी न बोलताच गेलीस गं! दोन शब्द तरी टाकायचेस गं!" मला अक्का म्हणणारी जगात एकच आहे, माझी धाकटी. रुपालीच्या लग्नात सहादेवरावांना फेटा बांधायचा राहिला तेव्हापासून जी आपल्या दारात आली नाही ती.

मी भिंतीला धरून उठले. दारापर्यंत गेले. लंका पायरीशी होती, पदर डोळ्याला, काखेत फडक्यात बांधलेल्या भाकरी. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून पिठलं-भाकरी घेऊन आली होती. मागे तिचे सहादेवराव टोपी हातात घेऊन उभे. त्यांनी मला आधी पाहिलं. ते तसेच पायरीवर बसले.

मग लंकेने पदर काढला. मला बघून किंचाळली. गल्लीतल्या बायका बाहेर आल्या.

"अक्के, तू हायेस?"

मी मान हलवली.

"मंग दाजींनी डोकं कशापायी काढलं? मिशा कशापायी काढल्या? हनुमंता म्हनला, रस्त्यानं हात जोडले, तोंडातून शबूद फुटला न्हाई!"

आपल्याला मुलगा नाही, तेव्हा अग्नी तुम्हीच दिला असणार, असं त्यांनी धरलं. सोनईत कुणाला शंका आली नाही. आणि आमचं बोलणं बंद, म्हणून फोन कुणी केला नाही. मेल्यावर यायचं, जिवंतपणी फोन करायचा नाही.

मी सांगणार कशी? पाटी आणून लिहिलं. लंकेला वाचता येत नाही. सहादेवरावांनी पायरीवरून वाचून दाखवलं, "नातवाच्या डोक्यात फोड झाले म्हणून." लंका माझ्या खांद्यावर मारायला लागली. मग तिथेच मला धरून खाली बसली आणि परत रडली. या वेळी खरं रडली.

थोड्या वेळाने माझ्याकडे टक लावून बघितलं आणि म्हणाली, "लई वंगाळ दिसतीस गं अक्के." आजारी पडल्यापासून हे मला कुणीच म्हणालं नव्हतं. सगळे म्हणतात, आज बरी दिसतेस.

सहादेवराव परत गेले, लंका राहिली आहे. रात्री रुपालीच्या हातून बोळा घेतला आणि गळ्याची नळी तिनेच पुसली. शेळीचा कान पुसावा तशी. तिला वाचता येत नाही, मला बोलता येत नाही, तरी आज सकाळपासून आमचं दोनदा भांडण झालं. आणलेल्या भाकरी तिने आणि रुपालीने खाल्ल्या. म्हणाली, "तुज्या नावाच्या हायेत, टाकू कशाला?"

मी थकले आहे. पण काल झोप लागली.

ओमच्या फोडांना हळद लावू नका, डॉक्टरचं मलम लावा.

बनू


शेंडी
१८ मे

सौ. बनूस,

माझ्या हातून मोठीच चूक झाली. मिशी काढताना ही गोष्ट मनात यायला हवी होती. सगळा जन्म याच माणसांत गेला आणि मला सुचलं नाही. सहादेवरावांची मी भेटल्यावर माफी मागेन. फेट्याचीही मागेन.

लंकाबाई आल्या हे बरं झालं.

दुसरं एक झालं आहे ते लिहितो. काल मुलांचं करवंदांवरून भांडण झालं. मी खाटेवर होतो, ती दोघं दारात. स्नेहल तावातावाने काही बोलली, मला कळलं नाही. ओम एरवी चावायला धावतो. तो काही न करता घरामागे जाऊन बसला. जेवायला आला नाही. मी स्नेहलला विचारलं, काय बोललीस? आधी सांगेना. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "तुझ्यामुळे आजीने आपल्याला हाकललं, असं म्हटलं. तू तिला बघून फोन टाकलास ना, म्हणून. खरंच आहे ते आजोबा."

मी ओमजवळ गेलो. मग त्याने विचारलं, टक्कल केलं म्हणून आजी आता येऊ देईल का? राजूरला तो का मुकाट्याने बसला ते मला तेव्हा कळलं. मला वाटलं, माझ्या मिशीमुळे. त्याला वाटत होतं ही शिक्षा आहे, आणि ती पुरी झाली की तू बोलावशील. म्हणाला, "आजीला लिहा, मी आता नाही घाबरणार."

मी म्हणालो, आजी रागावलेली नाही. त्याने विचारलं, मग का नाही बोलवत? तुझं कारण मला माहीत आहे, पण ते सात वर्षांच्या मुलाला सांगायला मला जमलं नाही.

मी आग्रह करत नाही. झालं ते लिहिलं. २१ ला दुपारी आम्ही संगमनेरला असू. ज्ञानेश्वरराव गाडी घेऊन येणार आहेत. तू सांगशील तसं.

पुंजाराम


राहुरी
२० मे

स्नेहलच्या आजोबांना नमस्कार.

पत्र रुपालीने वाचून दाखवलं, मग मी हातात घेऊन पुन्हा वाचलं. ओमच्या डोक्यात मी तशीच राहावी म्हणून मी त्याला लांब ठेवलं, आणि त्याने हे डोक्यात घेतलं.

घेऊन या.

लंका मला बघून किंचाळली होती. दुपारी तिने माझ्या शेजारी बसून शेंगा फोडल्या. बघणाऱ्याला पहिल्यांदा जड जातं, मग तेवढं राहत नाही, असं दिसतं. पण ती म्हातारी आहे, तो लहान आहे. म्हणून सांगते तसं करा.

नाकात नळी आहे, गळ्याला भोक आहे, आवाज नाही, हे गाडीतच दोघांना सांगा. गोड करून सांगू नका. ओमने "नाही घाबरणार" असं वचन दिलं असेल तर ते मोडून टाका. म्हणावं, आजीने सांगितलं आहे, भीती वाटली तर पळालास तरी चालेल, आजी रागावत नाही. आणि तो पळाला तर कुणी धरून आणायचं नाही. ज्ञानेश्वररावांनाही सांगा, त्यांना उचलून आणायची सवय आहे.

लंका आज सोनईला गेली. तिच्या म्हशीचे दिवस भरले आहेत. परत येते म्हणाली.

मला जांभळ्या फुलांचं पातळ नेसव असं रुपालीला लिहून दाखवलं. तिला वाटलं मी मोठी तयारी करते आहे. पडूनच तर राहायचं आहे, पण पातळ बरं असावं.

बनू


सोनई
८ जुलै

दाजींना लंकाचा नमस्कार. लंका बोलते तसं मी, सहादेव, लिहितो आहे. राग मानू नये.

दाजी, अक्का गेली, दहावा झाला, म्या घरी आले, पर माजं मन थाऱ्यावर न्हाई. बारकं पोरगं दहाव्याला माज्या मांडीवर बसलं हुतं. म्या इचारलं, आजी शेवटाला कशी दिसत हुती रं? ते म्हनलं, मला न्हाई म्हाईत, मी आत न्हाई गेलो. माजं काळीजच फाटलं. म्हंजी पोरगं दारापातूर आलं आन तिचं तोंड न बघता गेलं? तुमी एवढी चारचौगं मान्सं काय करत हुता? म्या म्हशीपायी घरी आले, नायतर त्याला कडेवर घिऊन आत नेला असता. रडला असता घटकाभर. आता जलमभर त्याला वाटंल का न्हाई, आपुन आजीला बघितलं न्हाई म्हनून? आन अक्काच्या जिवाला काय वाटलं आसंल? तिनं तर पातळ नेसलं हुतं म्हनं.

रुपालीला इचारलं तर ती रडाया लागती. म्हनून तुमाला इचारते. तुमी बोलत न्हाई, लिवता तरी. लिवा.

आमच्या ह्यांनी तुमी दहाव्याला बांधलेला टावेल ठिवलाय. फेट्याचं आता मनात न्हाई.


राहुरी
१३ जुलै

श्री. सहादेवराव व लंकाबाई यांस नमस्कार.

पत्र पोचलं. सहादेवराव, हे लंकाबाईंना सावकाश वाचून दाखवावं.

लंकाबाई, तुम्ही विचारलं ते बरोबर आहे. त्या दिवशी आम्ही दोनच्या सुमारास पोचलो. गाडीत मी मुलांना सगळं सांगितलं होतं. स्नेहल आधी आत गेली. दाराशी थोडी थांबली, मग पलंगाजवळ गेली आणि विचारलं, "आजी, हे टोचतं का?" बनूने हात हलवून थोडं थोडं असं केलं. मग ती पलंगावर चढून बसली आणि तिने आजीचे केस विंचरायला घेतले.

ओम उंबऱ्यापर्यंत आला. त्याने बघितलं. त्याचं तोंड कसं झालं ते मी पहिल्यांदाच पाहिलं. बनू म्हणत होती ते हेच असणार. तो पळाला. ज्ञानेश्वरराव त्याच्या मागे निघाले, त्याला उचलून आणणार होते. मी त्यांचा हात धरला. जावयाचा हात मी असा कधी धरला नव्हता. तेव्हा दोष द्यायचा तर मला द्यावा, रुपालीला देऊ नये.

तो घरामागे धुण्याच्या दगडावर जाऊन बसला. तिच्या खोलीची खिडकी तिथेच वर आहे, तुम्हाला माहीत आहे. पडदा ओढलेला होता. मी शेजारी बसलो. तो म्हणाला, मी घाबरणार नव्हतो. मी म्हणालो, पळालास तरी चालेल असं आजीने सांगितलंय ना. त्याला माझा भरवसा वाटेना. त्याने मान वर करून खिडकीला विचारलं, "आजी, तू खरंच असं म्हणालीस?"

आतून उत्तर येणार कसं? मी उठून आत जाणार, तेवढ्यात खिडकीच्या गजावर आवाज झाला. बनूच्या हाताशी औषधाचा चमचा होता, तो तिने गजावर वाजवला. बारीक आवाज मला येत नाहीत, पण तो आला. ओमने मान आणखी वर केली. मग म्हणाला, "परत वाजव." तिने परत वाजवला. तेव्हा त्याने नियम केला. एकदा वाजलं तर हो, दोनदा वाजलं तर नाही.

आणि मग तो बोलायला लागला. धरणावरचं सगळं सांगितलं. चिखल, करवंदं, स्नेहलने खिडकी दिली नाही ते. मध्येच विचारायचा, तुला दुखतं का? एकदा वाजायचं. फार? दोनदा वाजायचं. ते खोटं होतं, पण मी काही बोललो नाही. आजोबा टकले झालेले तुला आवडले का, तर दोनदा, तेही जोरात. स्नेहल आतून ओरडून सांगत होती, आजी हसतेय. रुपालीने त्याचं ताट दगडावरच आणून दिलं. ऊन सरकलं तसा तो सरकत गेला, पण तिथून उठला नाही. पडदा त्याने उचलला नाही. आम्ही कुणी उचल म्हणालो नाही.

शेवटी तो म्हणाला, "आजी, तू माझ्यावर रागावलीस का?" दोनदा वाजलं. थोडं थांबून परत दोनदा वाजलं.

जवळ जाऊन तोंड बघितलं नाही हे खरं आहे. पुढे त्याला काय वाटेल ते मला सांगता येत नाही. बनूला काय वाटलं ते तिने मला लिहून दिलं नाही आणि मी विचारलं नाही. आमचं तसं बोलणं नव्हतंच. त्यानंतर ती महिनाभर होती, पण पाटी फारशी हातात घेतली नाही. तुम्ही परत आलात तेव्हा तुम्ही पाहिलंच.

एवढंच सांगतो. पाच वाजता मुलं निघाली. ओम गाडीच्या काचेतून मागे खिडकीकडे ओरडला, "आजी, येतो!" आतून चमचा वाजला. गाडी कोपऱ्यावरून वळली तरी वाजत होता. मला वाटलं, तिला कळलं नसेल. मी आत जाऊन सांगितलं, गाडी गेली. तिने माझ्याकडे बघून मान हलवली, तिला ते माहीत होतं. आणि मग ती थोडा वेळ वाजवत राहिली.

आपला
पुंजाराम